कलिंगडाचे आजोबा

तीर्थरूप मामांना थोरल्या भाचीचा साष्टांग नमस्कार (प्रयोगशाळेतल्या उंच स्टुलावर बसून जितका घालता येतो तितका).

तुमचा गुडघा कसा आहे? मामीचा खोकला थांबला का? मी बरी आहे. पत्राला उशीर झाला त्याला आळस कारण नाही, एका माणसाचा अंगठा कारण आहे. तो दारात सापडला आणि दार मी लावलं होतं. पण ते ओघाने येईलच.

तुमच्या मागच्या कुंपणावर चढलेल्या वेलीचं ते पांढऱ्या गराचं, दगडासारखं फळ म्हणजे कलिंगडाचे आजोबा, हे शास्त्राने सिद्ध होतं का, असं तुम्ही बियांच्या पुडीसोबत विचारलं होतंत. विचारलं होतंत खरं, पण त्याच पाकिटात तुमच्या बागकाम मंडळाचं छापील पत्रकही होतं, त्यावर ‘कलिंगडाचे आजोबा आमच्या कुंपणावर’ असा ठळक मथळा आणि खाली व्याख्याता म्हणून तुमचं नाव. म्हणजे निकाल आधीच लागला होता, मी फक्त पुरावा पाठवायचा होता.

आमची पद्धत अशी. बी ओल्या कागदावर रुजवायचं, मुळाचं टोक कापायचं, काचपट्टीवर ठेवून वर पातळ काच घालायची आणि अंगठ्याने दाबायचं. पेशी चपटी होते आणि आतली गुणसूत्रं पसरतात. कलिंगडात ती बावीस असतात, तुमच्या फळातही बावीसच. त्यांच्यावर ठरावीक जागी तांबडे आणि हिरवे चमकते ठिपके उमटवता येतात. कुठल्या फळाचे ठिपके कुठे पडतात त्याचा नकाशा काढायचा आणि नकाशे शेजारी शेजारी ठेवून बघायचे. तुम्ही नाही का लग्नात एखाद्या पोराचं नाक बघून हा कोणाकडचा ते सांगत? (दोनदा चुकला आहात. आम्हांला निदान बावीस नाकं बघायला मिळतात.)

अडचण पसरण्याची. घरच्यांचा फोटो काढताना ऐन वेळी कोणीतरी कोणाच्या तरी मागे जातंच, तसं हे बावीस जणांचं कुटुंब. चार महिने मला एक धड पेशी मिळाली नाही. एकदा वीस मोजली, एकदा पंचवीस. आमच्याकडे हे काम बिनचूक करणारा एकच माणूस, आमचे जुने तंत्रज्ञ. त्यांना सगळे अंगठेबहाद्दर म्हणतात (सही ते झोकात करतात, नाव दाबण्यावरून पडलं आहे). आठवडाभर त्यांच्या सुनेविषयीच्या तक्रारी ऐकून घेतल्या, तेव्हा ते तुमच्या फळासाठी राजी झाले. ठरल्या दिवशी रुजलेल्या बियांची तबकडी घेऊन ते उबेच्या कपाटापासून वळले आणि मी मदत म्हणून दार लावलं.

ते ओरडले नाहीत. तबकडी नीट खाली ठेवली, अंगठ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “ताई, आता तुम्हीच.”

पुढचे तीन आठवडे पट्टी बांधलेला अंगठा वर धरून ते माझ्या शेजारी उभे राहिले. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, मला शाबासकी चालली आहे. प्रत्यक्षात, “राग काढल्यासारखं नको हो, पाकिटावर तिकीट चिकटवल्यासारखं दाबा!” असं चाललेलं असायचं. अकरा काचा फुटल्या. बाराव्या काचेखाली बावीसच्या बावीस दिसली, भांडून बसल्यासारखी एकमेकांपासून वेगळी. अंगठेबहाद्दर सूक्ष्मदर्शकात बराच वेळ बघत राहिले. “माझी पहिली इतकी चांगली नव्हती,” म्हणाले आणि चहाला निघून गेले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी औषधांच्या वासावर ढकललं.

मग ठिपके मोजले. तुमच्या फळात कलिंगडापेक्षा तांबड्या ठिपक्यांची एक जोडी जास्त निघाली. धूळ असेल म्हणून चाळीस पेशी पाहिल्या. धूळ चाळीस वेळा त्याच जागी बसत नाही. आमच्या संग्रहात नुसत्या बियांसाठी लावतात अशी दुसरी एक वेल आहे, तिचे ठिपके मात्र कलिंगडाशी तंतोतंत जुळले. तेव्हा सख्ख्याचा मान तिचा. तुमचं फळ घरातलंच, पण आजोबा नव्हे. फार तर चुलत आजोबा.

मामा, हे लिहिताना मला बरं वाटत नाही. त्या वेलीला तुम्ही तीन वर्षं, तो गुडघा घेऊन, बादलीने पाणी घातलंत. ‘काम अजून चालू आहे’ असं लिहून मी तुमचं येत्या रविवारचं व्याख्यान निभावून नेऊ शकले असते. पण भर सभेत कोणी जाणत्याने उठून सांगण्यापेक्षा भाचीने आधी कळवलेलं बरं. मथळ्यात ‘चुलत’ बसतं. मी पट्टीने मोजून पाहिलं आहे.

मामीला नमस्कार सांगा.

तुमची,
थोरली

ता. क. रागाच्या भरात वेल उपटू नका आणि मामीलाही उपटू देऊ नका. खरं तर एवढं लांबण त्यासाठीच लावलं. तुमच्या सगळ्या बिया मी संपवल्या आणि प्रबंध पुरा करायला त्याच वेलीच्या आणखी साठ हव्यात. दुसरीकडच्या चालणार नाहीत.

आणखी एक ता. क. पाकीट बंद करण्याआधी पत्र आमच्या मार्गदर्शक बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, “ठिपके बरोबर मोजलेस, नातं चुकीचं लावलंस.” ठिपक्यांवरून कोण कोणाच्या जवळचं ते कळतं. आजोबा कोण ते कळत नाही, कारण ही सगळी फळं आजच्याच पिढीची. म्हणजे तुमचं फळ चुलत आजोबा नसून चुलत भाऊ आहे. मथळ्याला जागाही कमी लागेल. सगळं पत्र पुन्हा लिहायचा कंटाळा आला आहे, तेव्हा वाचताना तेवढं दुरुस्त करून घ्या. साठ हा आकडा मात्र बरोबर आहे.