डावा की घण

४ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद. महिनाभर बाबांच्या तोंडून एकच शब्द येतोय आणि आम्हां कुणालाच त्याचा अर्थ लागत नाही, म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. तुझ्या बोगद्याच्या कामावर फोन लागत नाही, नाहीतर दोन मिनिटांचं काम होतं.

झटक्यानंतर त्यांचा उजवा हात, उजवा पाय आणि वाचा गेली, हे तुला कळवलंच आहे. हातपाय थोडे हलू लागलेत. वाचेसाठी आठवड्यातून तीनदा एक बाई येतात. वेळेवर येतात आणि बाबांशी लहान मुलाशी बोलल्यासारखं बोलत नाहीत. मला एवढं पुरे. पण त्यांच्याकडे रुग्णांची रांग आहे. महिनाअखेरीपर्यंत प्रगती दिसली नाही तर ही वेळ दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल, असं त्यांनी मान खाली घालून सांगितलं.

शब्द आहे ‘डावा’. घसा ताणून, डोळे मोठे करून म्हणतात. डावी बाजू तर धडधाकट आहे! तरी आम्ही डावा हात चोळला, डावा कान तपासून घेतला, डाव्या कुशीवर वळवलं. काल मी डावीकडची खिडकी उघडली, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की बस्स. कारखान्याच्या भांडारात चुकीची पावती घेऊन आलेल्या माणसाकडे तीस वर्षं मी तसं बघत आले.

तुमचं दोघांचं सहा वर्षं बोलणं नाही. तरी त्यांच्या डोक्यात काय चालतं ते माझ्याहून तुला जास्त कळतं. सुचेल ते लगेच लिही.

लोभ आहेच, उत्तर आलं नाही तर फेरविचार करीन.
ताई


९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.
पत्र सामानाच्या ट्रकबरोबर आलं. वाचून आधी हसलो, मग बाहेर दगडांवर बसून पुन्हा वाचलं.

ताई, ती खिडकी लाव. डावा म्हणजे हात नव्हे, माणूस. बाबांच्या तरुणपणचा बॉक्सिंगचा जगज्जेता, डावखुरा, पायांनी वारा. कारखान्यात लेथ मशीनवरून सुटल्यावर बाबा व्यायामशाळेत लढतींची घंटा वाजवायला जायचे, तेव्हापासूनचं त्यांचं दैवत. माझा जगज्जेता घण. तो तीस वर्षांनी आला आणि समोरच्याला तिसऱ्या फेरीपर्यंत झोपवायचा. दोघं समोरासमोर येणं शक्यच नव्हतं. आपल्या जेवणाच्या टेबलावर मात्र रोज यायचे. तू पुस्तक घेऊन आत निघून जायचीस, म्हणून तुला माहीत नाही.

सहा वर्षांपूर्वी बिनसलं तेही यावरूनच. मी रागाच्या भरात म्हटलं, की तुमचा डावा नुसता पळायचा, आणि तुम्हीही जन्मभर रिंगच्या दोराबाहेर बसून घंटा बडवलीत, आत उतरायची छाती झाली नाही. ते भरल्या ताटावरून उठले. मी बॅग उचलली.

डावा म्हणतायत म्हणजे मला उत्तर देतायत. त्यांना विचार, कितव्या फेरीत? आणि सांग, बारक्या म्हणतो घण त्याला तिसरीतच गाठेल.

इतकी वर्षं त्यांचं सगळं तूच केलंस. समोर असतो तर हे मला बोलवलं नसतं. तुझे फार उपकार आहेत, ताई. रागावणं कमी कर, लोभ तेवढाच राहू दे.
बारक्या


१५ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद. विचारलं. बाबांनी डाव्या हाताची पाच बोटं दाखवली, मग दोन, आणि मग खणखणीत सात म्हणाले. बाईंच्या हातातलं पेन खाली पडलं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच नळ सोडून उभी राहिले.

तुझं म्हणणं वाचून दाखवलं. त्यावर जोरात नाही म्हणाले, नंतर पाय म्हणाले, दोनदा. मीही आता वादात पडले आहे. दोघांची वजनं वेगळी असतील तर लढत लावली कुणी, असं विचारलं. बाबांनी कपाळावर हात मारला आणि अगं म्हणाले. मला इतक्या आनंदानं आजवर कुणी मूर्खात काढलं नव्हतं.

आणखी मुद्दे पाठव. बाईंनी तुझे आभार मानलेत. माझेही त्यातच धर.
ताई


१९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.
वाचून पाणी आलं डोळ्यांत. आता वाद पुरे. बाबांना सांग, बारक्या हरला. डावा थोर, घण त्याच्यासमोर काहीच नाही, आणि बारक्याला पहिल्यापासून हे ठाऊक होतं. म्हातारपणी त्यांना एवढं तरी माझ्याकडून मिळू दे.
बारक्या


२४ मार्च

बारक्या,
आशीर्वाद देते, पण कपाळावर आठी घालून. सांगितलं तुझं, आणि पस्तावले. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. तीन दिवस एक शब्द नाही. बाईंनी विचारलं, घरात कुणी गेलं का.

त्यांच्याशी भांडणारा गेला, दुसरं काय! तू दया दाखवलीस आणि त्यांना ती कळली. क्षमा मागायची असेल तर सरळ माग, बिचाऱ्या घणाला मध्ये का पाडतोस? महिना संपायला आठवडा आहे. मी जन्मात कुणाला हे सांगितलं नाही, तुला सांगते: भांड. कडकडून भांड.
ताई


२६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.
खालचं जसंच्या तसं वाच, भांडारातली यादी वाचल्यासारखं नको.

बाबा, माघार मागे घेतो. डाव्याचे पाय वेगवान, मान्य. पण पळणार कुठे? रिंगला चार कोपरे आहेत. घण पायांमागे धावतच नाही, तो वाट अडवत पुढे येतो. दोन फेऱ्या ठोसा न मारता नुसती जागा खातो. तिसरीत तुमच्या डाव्याच्या पाठीला दोर लागतो. मग नाचा म्हणावं!

आणि छातीबद्दल बोललो ते वादातलं नव्हतं. ते घाणेरडं बोललो. तेवढंच परत घेतो, बाकी एक अक्षर नाही.
बारक्या


३१ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद. बाईंसमोरच वाचलं. नाचा म्हणावं, इथे बाबा लाल झाले आणि मला उठवून बसव अशी खूण केली. जेवणाचा ट्रे रिंग झाला, औषधाच्या बाटलीचं झाकण डावा आणि माझा चष्मा घण. चष्म्याची एक काडी वाकली. बाईंनी मुद्दाम तुझी बाजू घेतली. बाबांनी त्यांनाही सोडलं नाही. त्या हसत होत्या आणि भराभर लिहून घेत होत्या. जाताना त्यांनी सांगितलं, ही वेळ कुणाला द्यायची नाही, आणखी तीन महिने येईन. मी त्यांचे दोन्ही हात धरले. मी हे करते हे मलाच नवीन होतं.

तुझ्यासाठी मला शब्द सापडत नाहीत. पण या घरात सध्या ती सवलत एकालाच आहे, म्हणून सरळ लिहिते: मी तुझी आभारी आहे.

सोबत पाठवते ते असं. बाबांचं उत्तर, नग एक. सकाळी दहा ते पावणेअकरा या वेळेत त्यांनी स्वतः सांगितलं, बाईंसमक्ष मी उतरवलं, परत वाचून दाखवलं. एक शब्द त्यांनी खोडायला लावला. मजकूर खालीलप्रमाणे:

डावा वळतो. दोर लागत नाही. घण दमतो. बारक्या चुकतो. ते मिटलं. हे नाही. ये.