डावीकडची कोरी जागा

१५ मार्च १९८१, वाशी
रविवार फुकट गेला. सकाळी रंग काढले, पाणी घेतलं, खिडकीशी पाट टाकून बसलो आणि जेवायची वेळ होईपर्यंत नुसताच बसून राहिलो. सुनंदा दोनदा खोलीतून गेली. कागदाकडे बघितलं नाही.

पूर्वी बघायची. लग्नानंतर आमचा तो खेळच होता. मी काय काढणार ते मलाच आधी माहीत नसतं. कुणाचा तरी राग, कुणाची तरी माया मनात असते. एक रंग उचलायचा आणि हात जाईल तिकडे जाऊ द्यायचा. ना नाक, ना डोळे, ना झाड. ती येऊन उभी राहायची, मान वाकडी करायची आणि सांगायची, "ह्या तुमच्या आई." किंवा, "हे साहेब. आज ओरडले वाटतं." एकदाही चुकली नाही बायको.

डिसेंबरात बाळ गेलं. तेव्हापासून खेळ बंद.

१९ मार्च
ऑफिसात द्रोणागिरीच्या नव्या वसाहतीचा नकाशा पुन्हा ट्रेस केला, तिसऱ्यांदा. वरच्या मजल्यावर कुणीतरी रस्ता इकडचा तिकडे सरकवतो आणि आम्ही खाली रेघा गिरवत बसतो. केसभर हललं की ब्लेडने खरवडायचं. साहेब म्हणाले, "तुमचा हात म्हणजे मशीन आहे हो." कौतुक होतं. मला दिवसभर टोचत राहिलं.

सु.ला सांगितलं. "बरं," म्हणाली. पुढे काही नाही. तिच्या ह्या न बोलण्याचा आता राग यायला लागलाय. लाज वाटते लिहिताना, पण येतो.

२२ मार्च
जमलं! आज जमलं.

सु. सकाळीच पनवेलला भावाकडे गेली. चांगला कागद संपलेला. फोल्डर उलटापालटा केला तर तळाशी, जुन्या चित्रांच्या खाली, हॅण्डमेड कागदाचा एक तुकडा मिळाला, दोन वह्यांएवढा. देव पावला म्हटलं. तिचा राग मनात होताच, म्हटलं हिलाच काढू. राखाडी घेतला, त्यात जांभळा, मग काळपट हिरवा. थांबलोच नाही. मध्येच राग कुठे गेला कळलं नाही. नाक पुसायला लागलो तेव्हा लक्षात आलं, आपण रडतोय.

डावीकडे खाली तळव्याएवढी जागा कोरी राहिली. तीनदा भरायला गेलो. हात जाईना. का ते...

असो. संध्याकाळी ती आली की दाखवणार. चित्र असं आहे की बघावंच लागेल तिला.

२३ मार्च
लिहवत नाही. तरी लिहितो.

काल ती आली तेव्हा चित्र खिडकीत वाळत होतं. तिने चपला काढल्या, चित्र बघितलं आणि सरळ फोल्डरकडे गेली. तळापर्यंत सगळं उपसलं. मग विचारलं, "हा कागद कुठला?"
"ह्यातलाच. कोरा होता."
"कोरा नव्हता तो."

तेव्हा कळलं. पाचवीचा कागद.

सु.ला आई नाही, म्हणून बाळंतपण इथेच झालं, माझी आई चिपळूणहून आली होती. पाचव्या दिवशी तिने बाहेरच्या खोलीत पाटा पुजला. तिथे कोरा कागद आणि पेन ठेवायचं. सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते. लिहिलेलं माणसाला दिसत नाही. आई म्हणाली, वहीचं पान चालेल. मीच शहाणपणा केला. माझ्या मुलीचं नशीब वहीच्या पानावर नको म्हणालो आणि माझा हॅण्डमेड कापून दिला. आईने आम्हाला आत पिटाळलं. "कुणी बघायचं नसतं."

आठव्या दिवशी मुलगी गेली. बारसं व्हायचं होतं, म्हणजे नावही नाही. त्या कागदाचं पुढे काय झालं, मी कधी विचारलंच नाही. घडी पडू नये म्हणून सु.ने तो माझ्याच फोल्डरमध्ये, सगळ्यात खाली ठेवला होता. तिथे तो नीट राहील असं वाटलं तिला.

"एवढंच होतं तिचं माझ्याकडे," म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवायला हवा होता.

आज सकाळच्या पहिल्या एसटीने परत पनवेलला गेली.

२ एप्रिल
धुऊन टाकावं म्हटलं. रंग गेला तर कागद तरी परत देता येईल. आधी त्याच जातीच्या दुसऱ्या कपट्यावर करून बघितलं. रंग थोडा सुटतो, पण वरचा पापुद्रा सोलवटून येतो. म्हणजे लिहिलेलं असेल तर तेही जाणार.

काय लिहितोय मी. असलं काही मानत नाही म्हणून मित्रांशी भांडलेला माणूस मी.

कागद भिजवला नाही.

१२ एप्रिल
सारसोळ्याची हिराबाई मासळी घेऊन आली. पाटी उतरवता उतरवता विचारलंच, "वैनी आजून नाय आली?" म्हटलं, नाही. तिची नजर भिंतीला टेकवलेल्या चित्राकडे गेली.
"आमची खारीच काढलीस क रं भाव. पानी गेलं का अशीच दिसतं."
खारी म्हणजे खाडी. तिने कोऱ्या जागेवर बोट रोखलं. "न ह्ये?"
"ते राहिलंय."
"राहिलं नाय. तिथं पानी हाय. सगलं पानी कदी जात नाय."

मग बोंबलांचे तीन वाटे माझ्या गळ्यात मारून गेली. एकट्याला तीन वाटे! साफही करता येत नाहीत. शेवटी शेजारी दिले.

२६ एप्रिल
पनवेलला जाऊन आलो. मेव्हण्याने चहा दिला आणि काहीतरी निमित्त काढून बाहेर गेला. भला माणूस.

सु. समोर येऊन बसली. वाळली आहे. मी म्हटलं, चूक झाली. ती म्हणाली, "कागदाचं नाही हो. तुम्ही तिला एकदाच घेतलंत. आठ दिवसांत एकदा."

खरं आहे. एकदाच. मान सावरता येईना, म्हणून लगेच आईकडे दिली होती. नंतर रोज काही ना काही काम काढलं. हे तिला सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि एसटीच्या वेळेचं बोललो. मूर्ख.

निघताना तिने विचारलं, "फाडलंत?"
"नाही."
"फाडू नका."
धुवायला निघालो होतो ते सांगितलं नाही.

३ मे
पनवेलला गेलो नाही. बोलावणं नाही. त्या कोऱ्या जागेपाशी कोरडा ब्रश घेऊन बसलो. नाहीच जात हात. बाकी सगळीकडे मशीन.

१७ मे
सु. आली. दुपारी, न कळवता. हातात एकच पिशवी. राहायला आली की कपडे न्यायला आली, कळत नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

पिशवी दारातच ठेवली आणि चित्रासमोर जमिनीवर बसली. बराच वेळ. मग मान वाकडी केली. पाच महिन्यांनी.
"हे तुम्ही आहात," म्हणाली.
मी म्हटलं, "तुला काढलं होतं."
"नाही. सगळीकडे तुम्हीच आहात." मग कोऱ्या जागेकडे बघत, "इथे का नाही गेलात?"
"भीती वाटली."
"तेव्हासारखी?"
"हो. हातातून पडेल अशी."
बोललो एकदाचा. ती रडली नाही. पदराने कपाळ पुसलं आणि ब्रश मागितला. जन्मात कधी ब्रश धरलेला नाही तिने, चमच्यासारखा धरला. पाण्याचा वाडगा जवळ ओढला. रंग कुठला घेणार ते बघत मी तिथेच उभा.

"तुम्ही आत जा," म्हणाली. "कुणी बघायचं नसतं."

ओट्याशी उभा राहून हे लिहितोय. चहा दोनदा उकळला. ब्रश पाण्यात बुडवल्याचा आवाज आला, एकदाच. त्यानंतर काही नाही. इथून फक्त दार दिसतं. पिशवी अजून तिथेच आहे.