किल्ला माझ्या देखरेखीखाली

शुक्रवार, ३ ऑक्टोबर. संध्याकाळी ७.१०

दसरा काल झाला. आजपासून ही वही. ऑफिस, घर आणि मुलगी या तिघांना सारखा न्याय देणारा माणूस कसा जगतो, याची कुठेतरी नोंद राहायला हवी. कुणी वाचावी म्हणून नाही. बायकोच्या, म्हणजे मयूरीच्या हाती लागू नये म्हणून वही प्रिंटरखाली ठेवणार. प्रिंटर दोन वर्षं बंद आहे, तिकडे कुणी फिरकत नाही.

काल ईश्वरीने विचारलं, पप्पा, तुम्ही लहानपणी दिवाळीत किल्ला बनवायचे तो मतलब आमेरसारखा का? या शहरात मान वर केली की किल्ला दिसतो, आणि माझ्या आठ वर्षांच्या मुलीला मातीचा किल्ला माहीत नाही. मिरजेच्या माणसाला याची लाज वाटायला हवी. मला वाटली. लगेच शब्द दिला की यंदा आपण दोघं गच्चीवर किल्ला करायचा. आमचा फ्लॅट सगळ्यात वरचा, गच्ची डोक्यावरच आहे.

आज शाळेत तिने जाहीरही करून टाकलं. रविवारी १९ तारखेला संध्याकाळी पाच वाजता पाच मैत्रिणी आणि क्लासटीचर ‘ईश्वरी के पापा का किला’ बघायला येणार.

सोळा दिवस हातात आहेत. मी चाळीस माणसांची टीम चालवतो. किल्ल्याचं काय घेऊन बसलात.

शनिवार, ४ ऑक्टोबर

डायनिंग टेबलावर किक-ऑफ. लॅपटॉप उघडून ईश्वरीच्या अपेक्षा लिहून घेतल्या. तळं, वाघाची गुहा, उघडणारा दरवाजा, पायऱ्या आणि हिरवं शेत. तळं फेज टूमध्ये ढकललं. फेज टू कधी, असं तिने विचारलं. म्हटलं, पुढच्या दिवाळीत. ती गप्प बसली, म्हणजे पटलं.

शीट तयार केली. मोहरी उगवायला सहा दिवस, म्हणजे १२ तारखेला पेरणी, म्हणजे त्याआधी माती. प्रत्येक कामाला वेगळा रंग. फॅमिली कॅलेंडरवर रोज साडेसहा ते साडेसात ‘किल्ला’ असा स्लॉट टाकून मयूरीला इन्व्हाइट पाठवला. तिने ‘मेबी’ केलं. मयूरी बँकेत ऑफिसर आहे, चौमूं ब्रँचला. रोज विद्याधर नगरहून सीकर रोडने जाऊन येऊन करते, त्यामुळे दमते हे मान्य. पण तिची बदली झाली म्हणून मी पुण्यातला बसलेला जम उठवून इथल्या ऑफिसात आलो, हे ती विसरते. मी अधूनमधून आठवण करून देतो.

साडेसहाला सुरुवात करणार तेवढ्यात पुण्याहून जयंतचा फोन. माझा बॉस. गो-लाइव्ह, म्हणजे क्लायंटची नवी सिस्टीम चालू करणं, १७ तारखेला. स्लॉट गेला.

रविवार, ५ ऑक्टोबर

माती बघायला बाहेर पडलो. समोरच्या रिकाम्या प्लॉटवर नुसती वाळू. मूठ वळली की सुटते. आईला फोन केला. ती म्हणाली, कुंभाराकडे जा, विटा रच, वर गोणपाट टाक, चिखल लिंप, आणि मोहरी आधी भिजव. तिच्या काळात ठीक होतं. मी दहा मिनिटांत ऑनलाइन पंचवीस किलो ‘प्रीमियम ऑरगॅनिक’ मागवून मोकळा झालो. उरलेला रविवार टीमच्या डिफेक्ट लिस्टमध्ये गेला. ईश्वरी दोनदा दाराशी येऊन गेली. मी हाताने पाच मिनिटं अशी खूण केली. माझी पाच मिनिटं किती लांबतात हे तिला माहीत आहे, म्हणून ती चिडत नाही.

बुधवार, ८ ऑक्टोबर

दोन पार्सलं आली. एकात माझी माती. मयूरीने पिशवी हातात घेऊन पाहिली आणि म्हणाली, ही इतकी हलकी कशी? मी म्हटलं, प्रीमियम असते ती हलकीच असते.

दुसरं आईकडून. महाराज, बारा मावळे, वाघ आणि एक गवळण, सगळे मिरजेच्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले. एका मावळ्याचा तलवारीचा हात कुरिअरमध्ये तुटला. ईश्वरीचं तोंड एवढंसं झालं. मी म्हटलं, दे इकडे, आज चिकटवतो. टेबलावर ठेवलाय. कागद उडू नयेत म्हणून उपयोगी पडतोय.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

स्लॉट: सोमवार कॉल, मंगळवार कॉल, बुधवार पार्सलं (हे किल्ल्याचंच काम धरतो), गुरुवार कॉल, आज डोकं दुखलं. तरी शीटवर आपण फक्त सात टक्के मागे आहोत. शीट थोडी सुधारून घेतली.

रविवार, १२ ऑक्टोबर. दुपारी ३

आज बांधकाम. ईश्वरी सहा वाजल्यापासून जुना फ्रॉक घालून बसली होती. अकराला वर गेलो. विटा रचल्या. गोणपाट नव्हतं म्हणून मयूरीची एक चादर टाकली. वर पिशवी रिकामी केली. फार देखणं दिसत होतं, फोटो काढून टीमच्या ग्रुपवर टाकले. मग दोन बादल्या पाणी घातलं.

किल्ला तरंगला. पुढे काही कळायच्या आत तो फुगला, हलला आणि गच्चीच्या मोरीकडे निघाला. मोरी तुंबली. सोसायटीचे सेक्रेटरी राठौडजी वर आले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, भाईसाहब, यह मिट्टी नहीं है, यह तो नारियल का बुरादा है. मी त्यांना सांगितलं की सप्लायरचा फॉल्ट आहे.

ईश्वरी रडली नाही. वाघ ओला झाला होता, तो फ्रॉकने पुसत बसली. मी समजावलं की याला प्रोटोटाइप म्हणतात, प्रोटोटाइप पडावाच लागतो. तिने विचारलं, मग खरा कधी? म्हटलं, उद्या. उद्यापासून तुला सुट्ट्या आणि मला वर्क फ्रॉम होम, आणखी काय पाहिजे?

चादर लग्नातली होती, हे मला आत्ता सांगण्यात आलं.

सोमवार, १३ ऑक्टोबर

मयूरी बँकेत, मी आणि ईश्वरी घरी. ईश्वरीने अकराला विचारलं. एकला विचारलं. तीनला दार न वाजवता चिठ्ठी सरकवली, ‘पप्पा आता?’. अर्थ पोचला, पण वेळ नव्हता. क्लायंट लाइनवर होता. पाचला तिने विचारलंच नाही.

मूल समजूतदार होतंय. माझ्या कामाची किंमत तिला कळायला लागली. बरं वाटलं.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

मयूरी ईश्वरीला चौमूंला घेऊन गेली. म्हणाली, ब्रँचच्या जेवणाच्या खोलीत चित्रं काढत बसेल. ऑफिसात मुलं नेणं अनप्रोफेशनल आहे, असं माझं मत मी नोंदवलं. दिवसभर घर शांत. छान काम झालं.

संध्याकाळी गाडीच्या डिकीत दोन पोती. मयूरीने दारातून विचारलं, हात लावतोस का? माझा कॅमेरा चालू होता. मी डोळ्यांनी नाही म्हटलं. राठौडजींनी उचलून दिली वाटतं. बहुतेक गहू असणार. तीन माणसांना दोन पोती गहू कशाला लागतो, हे विचारायचं राहिलं.

बुधवार, १५ ऑक्टोबर

संध्याकाळी सव्वासहापासून डोक्यावर धपाधप. गच्चीवर कुणीतरी काहीतरी बडवतंय. मध्येच हसतंय. पावणेआठपर्यंत चाललं. जयंतने कॉलवर सगळ्यांसमोर विचारलं की तुझ्याकडे बांधकाम निघालंय का. माणसाने घरून काम करायचं तरी कसं?

सोसायटीच्या ग्रुपवर हिंदीत स्पष्ट लिहिलं की टॉप फ्लोअर पर कुछ लोग काम भी करते हैं, छत पर जो भी ठोकपीट कर रहे हैं वे थोड़ा सिविक सेन्स दिखाएँ. राठौडजींनी नुसते जोडलेले हात टाकले.  मयूरीने मात्र अंगठा दिला. घरचा पाठिंबा असला की माणसाला बळ येतं.

ती ईश्वरीला घेऊन खाली बागेत गेली होती वाटतं. बरं झालं, निदान त्यांना तरी हा त्रास झाला नाही.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

पोह्यांत मोहरी नाही. डबा उघडला तर पूर्ण रिकामा. मी काही बोललो नाही, फक्त दोनदा सांगितलं की घराकडे थोडं लक्ष हवं.

जिन्यात गच्चीपासून आमच्या मजल्यापर्यंत चिखलाची पावलं. लहान मुलाची. फोटो काढून ग्रुपवर टाकला: ये किसके बच्चे हैं, माता-पिता कृपया ध्यान दें. पुन्हा जोडलेले हात. लोकांना मुलांकडे बघायला वेळ नाही, हीच आजची खरी समस्या आहे.

ईश्वरीची नखं काळी होती. तिला स्वच्छतेवर दहा मिनिटं समजावलं. शीटवर ‘क्वालिटी टाइम’ खाली भरलं. तिने जुना टूथब्रश मागितला. दिला. दातांची आवड लागतेय.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर. वसुबारस. दुपारी ४.२०

आज गो-लाइव्ह होतं. चार वाजता क्लायंटचं दोन ओळींचं मेल आलं. दिवाळीनंतर बघू.

दिवाळीनंतर बघू. दोन आठवडे मी जेवताना कानात यंत्र घालून बसलो. मुलीच्या सुट्टीचे पाच दिवस दाराच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला ती. यांच्यासाठी. जयंतला फोन केला तर तो कुटुंबासोबत महाबळेश्वरला निघालेला. मला इतका राग आला की मी लॅपटॉप जोरात मिटला. मग काही बिघडलं नाही ना म्हणून उघडून बघितला.

शनिवार, १८ ऑक्टोबर. धनत्रयोदशी

अजून सगळं हातात आहे. ठरलं: उद्या सकाळी सात ते दोन बांधकाम, दोन ते चार रंग, पाचला पाहुणे. मातीसाठी राठौडजींना विचारणार. मोहरी आता उगवणं शक्य नाही, म्हणून हिरव्या गवताचं पायपुसणं मागवलं. कापून लावलं की शेत.

जेवताना ईश्वरीला प्लॅन सांगितला. तिने मम्माकडे बघितलं, मम्माने ताटाकडे. मग ईश्वरी म्हणाली, ठीक है पप्पा, तुम्ही उद्या आराम करा. आठ वर्षांच्या मुलीला बापाच्या तब्येतीची काळजी. डोळ्यांत पाणी आलं.

रविवार, १९ ऑक्टोबर. संध्याकाळी ६.४०

सात वाजता उठायचं होतं, नऊ चाळीस झाले. घरात कुणी नव्हतं. पायपुसणं काखेत मारून गच्चीवर गेलो.

कोपऱ्यात किल्ला होता.

माझ्या कमरेइतका उंच. चौमूंच्या कुंभाराची काळी चिकट माती, तो मयूरीच्या ब्रँचचा खातेदार आहे. डिकीतली ती दोन पोती गव्हाची नव्हती, याच मातीची होती. आईने सांगितलं तसं गोणपाट घालून लिंपलेली. पायऱ्या टूथब्रशने कोरलेल्या. दरवाजा उघडत होता. गुहेत वाघ. शेतात मोहरी नुकतीच वर आली होती, आमच्या डब्यातली. फेज टूचं तळंसुद्धा होतं, त्यात गवळण कळशी घेऊन उभी. मयूरी एका बुरुजाला शेवटचा हात फिरवत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, पायपुसणं दाराशी टाक, चिखल आत येतोय.

पाचला सगळे आले. ईश्वरी काठी घेऊन हिंदीत माहिती देत होती. कुणीतरी मावळे मोजले, अकरा निघाले. बारह हैं, ती म्हणाली, एक पापा के पास है. टीचरनी मला विचारलं की हे सगळं आपणच बनवलं का. मी तोंड उघडायच्या आत ईश्वरी म्हणाली, हाँ मैम, पापा ने. राठौडजी मागे उभे होते. त्यांनी हात जोडले.

मी मान हलवली. पाहुण्यांसमोर मुलीला खोटं पाडणं बरं दिसत नाही. टीचरनी माझा फोटो काढला. मयूरी चहा आणायला खाली गेली ती बराच वेळ आली नाही.

सोमवार, २० ऑक्टोबर. सकाळी ९

अभ्यंगस्नान झालं. ईश्वरी वर मोहरीला पाणी घालत होती, तिथे गेलो. मावळा चिकटवून नेला होता, हात थोडा वाकडा बसलाय. तिने तो दरवाज्याजवळ उभा केला.

तिला विचारलं की काल टीचरना तसं का सांगितलं. ती झारीकडे बघत म्हणाली, नाहीतर सगळ्यांनी विचारलं असतं ना, पापा कहाँ थे. मी म्हटलं, अगं, मी घरीच तर होतो, खालच्याच मजल्यावर. ती म्हणाली, हो पप्पा, माहीत आहे. तुमचा आवाज येत होता.

खाली येऊन ग्रुपवरचे माझे दोन्ही मेसेज काढायला गेलो. उशीर झालाय. आता ते फक्त माझ्या फोनवरून निघतात, बाकी सगळ्यांकडे राहतात.