हिरवं बटण आणि बुधवारचा राहुकाळ

कुंभकोणम्, सोमवार

चिरंजीव गिरीश यास,

तुझं ते हिरवं बटण तुझ्याच लग्नाच्या मुळावर उठलं आहे, आणि तू मद्रासेत गार खोलीत बसून मला फोनवर सांगतोस की आत्या, थोडं बेसिक शिकून घ्यायला हवं होतंस. हे बोलताना तुझी जीभ कशी अडखळली नाही? बरं, आधी आशीर्वाद घे, मग बोलते. उदंड आयुष्य होवो. खोकला गेला का? नसेल तर मिरं-जिरं कुटून कढत सार पी, पाकिटातलं नको. इकडे आम्ही बरे. आमच्या घरच्यांचा गुडघा तेवढा जिना पाहिला की दुखतो, कॉफीचं दुकान पाहिलं की बरा होतो. वरकड क्षेम म्हणावं तर तुझ्या आईने माझ्याशी बोलणं टाकलं आहे, म्हणून म्हणत नाही.

दिवाळीत तू येऊन आपल्या कल्याण मंडपाच्या ऑफिसात तो प्रोग्राम घातलास. बुकिंग त्यातच, जेवणाचा बेत त्यातच, बिल त्यातच आणि पार्टीला जाणारं मेलही त्यातच. तुझे शब्द मी विसरले नाही. म्हणालास, आत्या, तुला काही म्हणजे काही शिकायला नको, सगळं आपोआप होतं. पाचवीत शाळा सोडलेल्या बाईला कुणी शिकायला नको म्हटलं तर ती का नको म्हणेल? आता बिघडलं तर म्हणतोस, शिकायला हवं होतं. दोन्हीतलं खरं कुठलं ते एकदा ठरव.

आधी कसं होतं सांगते. मी मजकूर कागदावर लिहायची, आणि गायत्री (ऑफिसातली मुलगी, तिरुक्करुगावूरची, हुशार आहे पण मान सदा फोनमध्ये) तो वेगळ्या जागी टाइप करून मेलात घालायची. लिहिणं एकीकडे, पाठवणं दुसरीकडे, आणि मधे राहुकाळ. तू मद्रासेचा झालास म्हणून विसरला असशील, पण राहुकाळाच्या अशुभ दीड तासात, मग तो ज्या वारी जेव्हा येईल तेव्हा, इथून एक चिठ्ठी बाहेर जात नाही. मग मी त्या दीड तासात काय करते? पोटात असेल ते सगळं लिहून काढते. सुकलेला मोगरा आणणाऱ्या फुलवाल्याला, ऐन मुहूर्तावर बंद पडणाऱ्या जनरेटरवाल्याला, बोहल्यावर पोरं नाचवणाऱ्या पार्टीला. लिहिते, दहीभात खाते, अंग टेकते. राहुकाळ सरला की तोच कागद वाचते, फाडते आणि 'आपल्या कृपेने' असं सुरू होणारं दुसरं पत्र लिहिते. लोक म्हणतात, या बाईचं इतक्या वर्षांत कुणाशी भांडण नाही. अरे, भांडणं रोज झाली. फक्त पाठवली गेली नाहीत.

तर गेल्या बुधवारी ऐन बाराला, राहुकाळ लागता लागता, पोटात अन्न नाही अशा वेळी, तुझ्या आईचा, जयश्रीवहिनीचा निरोप आला. म्हणे गिरीशच्या लग्नात डांगर नको, आंबट सार नको, मुलीकडचे हसतील, त्यापेक्षा चाटचा स्टॉल लाव. डांगर नको! उडदाचं पीठ दह्यात कालवून वर फोडणी दिली की माझा भाऊ, म्हणजे तुझा बाप, लहानपणी भांडं चाटून पुसून ठेवायचा, ते. माझं डोकं तापलं. बुकिंगच्या खाली 'पार्टीला कळवणे' म्हणून चौकोन आहे ना, त्यात मी लिहिलं की वहिनी, ज्या डांगरावर तुझा नवरा वाढला त्याची तुला लाज वाटते काय, तू या घरात आलीस तेव्हा तुला भात वाढून घेता येत होता, रांधता येत नव्हता, आणि हे लग्न तुझ्या मुलाचं आहे, तुझ्या फोटोंचं नाही. एवढं लिहून, नंतर वाचू म्हणून, ते जपून राहावं यासाठी हिरवं बटण दाबलं.

जपणं आणि पाठवणं दोन्ही तू त्या एकाच बटणात घालून ठेवलं आहेस ते तुला ठाऊकच आहे. मेल गेलं. आणि कसं गेलं म्हणतोस! वर गणपती, कडेला केळीचे खांब, मधे माझ्या शिव्या, खाली जोडलेले हात आणि 'आपल्या शुभकार्याची सेवा हे आमचे भाग्य'. (ही वाक्यं तूच घातलीस, मी नव्हे.) बरं, गेलं ते एकट्या वहिनीला नाही. पार्टीत जितकी नावं तितक्यांना. भावाला गेलं, तुझ्या होणाऱ्या बायकोच्या, हरिणीच्या वडिलांना, त्या चंद्रमौलींनाही गेलं. त्यांनी लगेच उलट लिहिलं की आमच्या घरच्या म्हातारीने किती वर्षांत डांगर खाल्लं नाही, तेवढं मात्र ठेवाच. झालं! व्याह्यांनी माझी बाजू घेतली म्हणून तुझी आई आणखी पेटली.

इथे थांबले असते तर निभावलं असतं. पण गायत्री म्हणाली की नेटची वायर काढली की काही जात नाही. म्हणून गुरुवारी राहुकाळ लागताच मी स्वतः वायर उपटली, निवांत लिहिलं आणि हिरवं बटण दाबलं. वहिनीलाच लिहिलं, पहिल्यापेक्षा तिखट. (त्यात तुझ्या आजोळच्या रसमचा उल्लेख आहे, तू वाचू नकोस.) तीन वाजता, राहुकाळ सरताच, गायत्रीने कुणाचं तरी बिल धाडायला वायर परत लावली आणि आत दबा धरून बसलेलं ते पत्र टुणकन बाहेर पडलं. चांगल्या वेळेवर गेलं एवढंच समाधान.

आता भावाचा फोन आहे की येत्या शुक्रवारी वहिनी पापनाशमला दुसरा मंडप ठरवायला निघते आहे. म्हणजे भाच्याचं लग्न परक्याच्या मंडपात, आणि सख्खी आत्या पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर, अंगावर गुलाबपाणी शिंपडून घेत! तुझ्या वेळी तुझ्या आईचे दिवस अवघड गेले तेव्हा गर्भ राखणाऱ्या अंबेच्या देवळात तिला हात धरून मी नेली होती. ती मी पाहुणी होऊ?

तू म्हणतोस माणसाने शिकावं, तुझे सोबती म्हणतात प्रोग्रामनेच सगळं करावं. मी म्हणते, चूल आणि पान एकत्र मांडलं तर आमटी पाहुण्याच्या मांडीवर उतू जाते. मधे वाढणारा लागतो. मी शिकेन, मला काय झालंय? पण तूही एक शीक, माणूस लिहितो ते सगळं पाठवण्यासाठी नसतं.

कळावे. रात्री जागू नकोस.

तुझी आत्या सरस्वती

ता. क. हे पत्र सकाळी राहुकाळातच लिहिलं. नऊनंतर कॉफी घेऊन पुन्हा वाचलं. फाडावंसं वाटलं नाही. गायत्री कुरिअरला देऊन येईल.

ता. क. दुसरा. प्रोग्राम राहू दे, मोडू नकोस. बिलं फार नेटकी येतात. पडद्यावर त्या हिरव्या बटणाच्या जागी मी माझी टिकली चिकटवली आहे, राहुकाळ सरला की काढते. तेवढ्याने भागतं.

ता. क. तिसरा, आणि हाच नीट वाच. गुरुवारच्या रात्रीच्या गाडीने निघ आणि तंजावरला घरी उतर. शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाळ, आणि त्याआधी तुझ्या आईचं आवरून होत नाही. तुझी आई माझ्यावर कितीही रागावलेली असो, त्या वेळात ती उंबरा ओलांडणार नाही, चप्पल कोपऱ्यात ठेवून खुर्चीत बसून राहील. तो दीड तास तुझा. तिला सांग, आत्या चाटचा स्टॉलही लावते, दाराजवळ, फोटोत येईल असा. आणि डांगर तिनेच कालवायचं, माझ्या हातून मीठ नेहमी जास्त पडतं, हे तिला ठाऊक आहे. बाराच्या आत मला उत्तर हवं. फोन कर. मेल करशील तर बघ.