वरचं टिंब

गुरुजी,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी पेटीचं झाकण मी अजून दोन्ही हातांनी लावतो, आणि लावल्यावर पुन्हा उघडून बघतो. नात हसते. ती गाणं शिकते. परवा तिने विचारलं, "आजोबा, कोमल म्हणजे हळू म्हणायचं का हो?" माझा हात आपोआप कानावर गेला. हाच प्रश्न मी कल्याणला तुमच्या माडीवर विचारला होता. तेव्हा मी वीस वर्षांचा होतो, शाळा चौथीत सुटलेली. आठवडाभर लोकोशेडमध्ये इंजिनं धुवायची आणि रविवारी सकाळी तुमच्याकडे यायचं. तुम्ही कानाखाली अशी दिलीत की मी भिंतीवर आपटलो. "कोमल म्हणजे आपल्या जागेवरून खाली उतरलेला स्वर. आवाज केवढा काढायचा त्याच्याशी संबंध नाही! तीव्र म्हणजे ओरडायचं नाही, वर सरकायचं. कळलं का रे गाढवा?" लय आणि ताल यांतला फरकही असाच कळला. तबल्याची हातोडी पाठीवर पडायची. "चालायची गती ती लय. आणि सोळा पावलांनी परत उंबरठ्याशी यायचं, तो ताल. घाईने चाललास तरी पावलं सोळाच!" तुम्ही सोळा मोजून मारायचात. मग हातोडी थांबायची, आणि मी अंग चोरून पुन्हा पहिल्याची वाट बघायचो.

डोंबिवलीच्या गणपतीत तुमचा घसा बसला होता. तुम्ही बांधलेली चीज तुमची जुनी शिष्या गाणार होती, आणि पेटीची साथ मी करायची, तुमच्या वहीवरून. वहीत एका 'नि'च्या डोक्यावर टिंब होतं. स्टेशनाबाहेर घेतलेल्या माझ्या छापील पुस्तकात डोक्यावरचं टिंब म्हणजे तार सप्तक, उंचावरचा स्वर. मी उंचावरचा वाजवला. बाई माझ्यामागे वर गेल्या, त्यांचा आवाज फाटला, सगळा मांडव हसला. त्या डोळे पुसत खाली उतरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माडीवर पाय ठेवतो आहे आणि तुम्ही हातोडी घेऊन उभे आहात. पहिला घाव खांद्याच्या हाडावर. "मंद्र! टिंब वर म्हणजे मंद्र, खालचा स्वर! माझ्या गुरूंनी असंच शिकवलं!" मी पुस्तक पुढे केलं. "यात वर म्हणजे तार आहे हो." तुम्ही ते फाडलंत आणि पानं माझ्या तोंडात कोंबलीत. ओठ फुटला. "छापलेलं खा आता!" मग पेटीशी बसलात, डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर. "हा नि. खालचा. ऐक, बहिऱ्या."

मी झाकण धरलं, तुमच्या बोटांवर आपटलं, आणि त्यावर गुडघा दाबला. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. तुम्ही ओरडला नाहीत. भाताही सोडला नाहीत. झाकणाखाली अडकलेल्या बोटांनी दाबलेला तो खालचा नि वाजतच राहिला. अगदी सुरेल.

जिन्यात शेजारी जमले. "झाकण पडलं," तुम्ही म्हणालात, "यानेच उचललं." मला कोणीतरी पाणीसुद्धा दिलं. तुमची तीन बोटं वाकडीच राहिली, पेटी सुटली, हे पुढे लोकांकडून ऐकलं. तुम्ही गेल्याची खबर शेडात आली तेव्हा मी हातातलं इंजिन धुऊन पूर्ण केलं.

नातीच्या बाई म्हणतात, स्वर लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत मंद्राचं टिंब वर, दुसरीत खाली. "म्हणजे दोन्ही बरोबर, आजोबा," असं नात म्हणाली, आणि मला बरं वाटलं असेल असं तिला वाटलं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहितो. दोन पद्धती आहेत हे तुम्ही मला पहिल्याच रविवारी सांगितलं होतं, न मारता, माझ्या वहीत दोन्ही टिंबं स्वतः काढून. "पुस्तकात उलटं असतं रे, घोळ घालू नकोस." मांडवात मी ते विसरलो होतो. झाकणाला हात घातला तेव्हा आठवलं होतं.