दौलताबाद नावाचा सर्व्हर

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ९.
व्हॉट्सअॅप बंद. अकाउंट डिलीट. चोवीस वर्षं वाळूजच्या कारखान्यात क्वालिटी बघतोय, तपासल्याशिवाय नट सोडत नाही. मग घरातलं बोलणं परक्या कंपनीच्या मशीनमध्ये का ठेवायचं? केसरला हे सांगितलं. ती म्हणाली, "मग बोला की घरात. मी इथंच हाय." बायकोला टेक्निकल विषयात घेऊ नये.
एक्केचाळीस नातेवाइकांच्या ग्रुपवर शेवटचा मेसेज टाकला, 'नवीन पत्ता लवकरच कळवतो.' डिलीट केल्यावर लक्षात आलं, की आता कळवायचं कुठं.

३ नोव्हेंबर, सोमवार.
तीन पर्याय तपासले.
पहिला: कुलूप पक्कं, पण सगळे निरोप एकाच संस्थेच्या मशीनमधून जातात. संस्था सज्जन आहे म्हणतात. उद्या तिनं दार लावलं तर? रिजेक्ट.
दुसरा: सर्व्हरच नाही. ब्लूटूथनं या फोनमधून त्या फोनमध्ये. इंटरनेट गेलं तरी चालतं. ट्रायल घेणार.
तिसरा: ज्यानं त्यानं आपापला सर्व्हर ठेवायचा, आणि सगळे सर्व्हर एकमेकांशी बोलणार. मालक कुणी नाही, म्हणजे मीच. पास.

५ नोव्हेंबर, बुधवार.
आमच्या पोरीचा, राजनंदिनीचा, कॉलेजातला जुना लॅपटॉप फ्रिजवर ठेवून सर्व्हर चालू केला. नाव दौलताबाद. तो किल्ला लढून कुणाला घेता आला नाही, हाही येणार नाही. केसरनं दुपारी फ्रिज पुसायला प्लग काढला. किल्ला तीन तास बंद. बाहेर कुणाला कळलंसुद्धा नाही, एवढी गुप्तता.

८ नोव्हेंबर, शनिवार.
ब्लूटूथची ट्रायल. मी आमच्या गच्चीवर, कंपनीतला दोस्त गोकुळ पलीकडच्या त्याच्या गच्चीवर, मधला फोन घेऊन केसर खाली भाजीच्या गाड्यापाशी. 'पोचलं का' असं पाठवलं. गोकुळ गच्चीवरून ओरडला, "नाय." म्हणजे संवाद दोन्ही बाजूंनी झाला, फक्त निम्मा तोंडानं. नंतर तो चहाला आमच्याकडं आला, तेव्हा मेसेज टुणकन पोचला. अंतर नसेल तर यंत्रणा उत्तम आहे. केसरनं मधल्या वेळात अर्धा किलो गवार घेतली.

९ नोव्हेंबर, रविवार.
एक्केचाळीस जणांना फोन केले. दौलताबादवर आलेले: तीन. मी, गोकुळ, राजनंदिनी. मेहुणा अतुल छावणी भागात राहतो, त्यानं विचारलं, "दाजी, त्याच्यात स्टेटस ठिवता येतं का?" नाही म्हटल्यावर त्याचं नेटवर्क गेलं.
पोरगी मात्र पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, दोन मिनिटांत आत. तिनं लिहिलं, 'पप्पा, इथलं खरंच दुसरं कुणी वाचू शकत नाही?' मी लिहिलं, 'खुद्द मालक वाचू शकत नाही. शिवाय सात दिवसांनी मेसेज आपोआप पुसले जातात.' ती म्हणाली, 'मग बरं.' हिला किंमत कळते.

१२ नोव्हेंबर, बुधवार.
अॅप अडकलं होतं, काढून परत टाकलं. त्यानं माझी गुप्त किल्ली मागितली. ती मी कागदावर लिहिली होती. कागद घरात ठेवणं धोक्याचं, म्हणून फाडला होता. किल्लीशिवाय आत घेतलं, पण राजनंदिनीचा सकाळचा मेसेज दिसेना. 'हा संदेश उघडता येत नाही.'
अंगावर काटा आला. घर माझं, सर्व्हर माझा, पोरगी माझी, आणि मलाच वाचता येत नाही. याला म्हणतात सुरक्षा. तिनं टेस्टिंगसाठीच काहीतरी टाकलं असणार. खुशीत तिला एक अंगठा पाठवला.

१६ नोव्हेंबर, रविवार.
दौलताबाद शांत. गुड मॉर्निंग नाही, फुलं नाहीत. लोकांना मोजकं बोलायची सवय लागतेय. केसरचा फोन मात्र दिवसभर टिंगटिंग करतो. ती हसते, मी गेलो की पालथा ठेवते. कीव येते.
अतुलचा फोन आला. "दाजी, मानलं तुम्हाला. आमच्यात कुणाच्यानं झालं नसतं एवढं." मी म्हणालो, "काळाबरोबर जावं लागतं." तो म्हणाला, "पर गावाकडं तुमच्या आईला कसं समजावलं?" मी म्हणालो, "तिला काय फरक पडतोय, तिचा साधा फोन हाय." अतुलनं "बरं" म्हणून फोन ठेवला. भारावला असावा.

२३ नोव्हेंबर, रविवार. दुपारी ४.
काल राजनंदिनी अचानक आली. आज सकाळी केसर भारीतली साडी नेसून पोहे करत होती. अकराला पाहुणे आले: व्यंकटराव कुलकर्णी, त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाई आणि मुलगा चिन्मय. केसर म्हणाली, "आपल्या राजूच्या ऑफिसातले हायेत." मला वाटलं, पुण्यापर्यंत बातमी गेली, सर्व्हर बघायला आले. वीस मिनिटं समजावलं. चिन्मयनं तर फ्रिजपाशी उभं राहून नीट प्रश्न विचारले. पोरगा हुशार.
मग प्रमोदिनीबाई म्हणाल्या, "तुमचं कौतुक वाटतं. राजनंदिनीनं सगळं लिहून कळवलं आणि तुम्ही एका अंगठ्यात होकार दिलात. आमच्याकडे आठ दिवस वाद चालला होता."
आम्ही पठाडे, ते कुलकर्णी. आमच्या घरात असं आजवर झालेलं नाही. सगळे माझ्याकडं बघत होते. राजनंदिनीच्या डोळ्यांत पाणी. मी म्हणालो, "विचार करूनच दिला." फेब्रुवारीतली लग्नाची तारीख धरली.

२४ नोव्हेंबर, सोमवार.
पोरीला स्टँडवर सोडताना खरं सांगून टाकलं. तिनं विचारलं, "मग अंगठा कशाचा?" म्हणालो, "कुलूप चांगलं बसलं म्हणून." ती बॅगेवर बसून हसली. मग हळूच म्हणाली, "वाचलं असतं तर नाही म्हणाला असतात?" मी म्हणालो, "चार दिवस बोललो नसतो. मग व्हय म्हणालो असतो." ती म्हणाली, "मग चार दिवस वाचले."
मी विचारलं, काय लिहिलं होतं. म्हणाली, "निम्मं तुमच्याबद्दलच होतं. तोंडानं नाही सांगता यायचं." तिच्या फोनमध्ये बघितलं. सात दिवस उलटून गेले होते.

संध्याकाळी ६.
व्हॉट्सअॅप परत टाकलं, फक्त लग्नापुरतं. अतुलनं 'राजू-चिन्मय लग्न' ग्रुपवर घेतलं. अठ्ठावन्न लोक, ग्रुप दहा तारखेचा, माझ्या अंगठ्याच्या दोन दिवस आधीचा. मी नमस्कार लिहीत होतो, तेवढ्यात अतुलचाच मेसेज आला. 'दाजी आलेत. बाकीचं आता दुसऱ्या ग्रुपवर बोला.'
दुसरा ग्रुप कुठला, हे केसरला दोनदा विचारलं. ती गवार निवडतेय.