तीनातून आठ

कुरुंदा, शनिवार

ती. बाबांना प्रतिक्षाचा जय भीम.

मी बरी आहे, डबा वेळेवर येतो. आईचा गुडघा कसा आहे? फोनवर आवाज कापला असता, म्हणून लिहिते.

सातवीच्या लेकरांना ऋण संख्या कळेनात. मी शाळेच्या अंगणात चुन्यानं घरं आखली. मधे शून्य, पुढे अधिक, मागे उणे. फासा टाकायचा आणि तेवढी घरं पुढे किंवा मागे स्वतः चालायचं. लेकरं रमली. पण त्यातल्या राणीच्या वडिलांनी, संतरामभाऊंनी, फासा बघितला आणि वर तक्रार केली, "बाई लेकरांना जुगार शिकवून राहिल्या."

काल शिक्षण खात्याचे साहेब चौकशीला आले. संतरामभाऊ दारातच उभे. साहेबांनी नेमकं राणीलाच उठवलं, जी वर्गात कधी तोंड उघडत नाही.

"तीनातून आठ गेले. किती?"

राणीनं डोळे मिटले आणि एकेक पाऊल मागे सरकू लागली. आठवं पाऊल टेकलं तशी म्हणाली, "उणे पाच, सर."

"काहून?" संतरामभाऊंनीच विचारलं.

राणी वडिलांकडे वळली, "दादा, तीन पावलांत शून्य आलं. राहिलेली पाच त्याच्या मागं गेली."

साहेब फाईल बांधू लागले, तर संतरामभाऊ आत आले. "थांबा साहेब. आजून एक विचारा तिला."

लेखी खुलासा मात्र सोमवारी द्यायचाच आहे. तोच लिहायला बसले होते, पण आधी तुम्हाला लिहिलं. आईला यातलं काही सांगू नका.

तुमची,
प्रतिक्षा